चाकाखालची 18 कोटी वर्षं

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात ब्रिडपोर्ट नावाचं छोटं शहर आहे. दोरखंड आणि मासेमारीची जाळी यांसाठी शतकानुशतकं नावाजलेलं. सकाळी तिथून सायकलवर टांग टाकली, की संध्याकाळपर्यंत पायाखालच्या जमिनीकडे बघायची नजरच बदलून जाते.

आधी पश्चिमेला सिमंड्सबरी गाठावं. गाव मागे पडलं की वाट हळूहळू जमिनीत शिरू लागते. दोन्ही बाजूंचे पिवळे कातळ आधी खांद्याला लागतात, मग डोक्यावर जातात, आणि बघता बघता दुमजली घराएवढे उंच होतात. मुळं उघडी पडून लोंबत असतात, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. भर दुपारी हिरवा अंधार. इथे खाली चिखल असतो, तेव्हा उतरून सायकल ढकलत न्यावी.

अशा वाटेला तिथे ‘हॉलोवे’ म्हणतात. आपण खोल गेलेली पाणंद म्हणू. आश्चर्य हे, की ती एवढी खोल कुणी खणलेली नाही! शेकडो वर्षं गाड्यांच्या चाकांनी, घोड्यांच्या टापांनी आणि गुरांच्या खुरांनी इथला मऊ वालुकाश्म झिजवला, आणि प्रत्येक पावसाने तो भुगा वाहून नेला. भिंतीवरून बोट फिरवलं तर वाळूचे पिवळे कण बोटाला चिकटतात. झीज अजून चालूच आहे.

आता दक्षिणेला वळून वेस्ट बेच्या बंदरावर यावं. समोर समुद्रात उभा तुटलेला सोनेरी कडा दिसतो, आणि लक्षात येतं: अरे, हा तर त्या पाणंदीतलाच दगड! तिथे चाकांनी आणि पावसाने कापला, इथे लाटांनी. कड्यावर आडवे पट्टे आहेत. चुन्याने घट्ट बांधलेले थर पुढे आलेले, सैल थर आत गेलेले. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी ही वाळू साचली. कड्याखाली मात्र थांबू नये. दरडी अचानक कोसळतात.

एक्समथपासून स्टडलंडपर्यंतचा हा 155 किलोमीटरचा ‘जुरासिक कोस्ट’ 2001 पासून जागतिक वारसा आहे. इथले थर एकूणात पूर्वेकडे कललेले आहेत. त्यामुळे सर्वांत जुने खडक पश्चिमेला दिसतात आणि पूर्वेकडे जावं तसे तरुण खडक लागतात. सगळे मिळून साडेअठरा कोटी वर्षांचे. सरासरी काढली तर पूर्वेकडचा प्रत्येक किलोमीटर म्हणजे जवळजवळ 12 लाख वर्षं! मोटारीतून या किनाऱ्यावरचे चढउतार नुसते खिडकीबाहेरून सरकतात. सायकलवर प्रत्येक चढ मांड्यांना कळतो, आणि एका दिवसात पाणंद, कडा, किनारा सगळं सापडतं.

वेस्ट बेपासून पूर्वेला पोर्टलंडपर्यंत 29 किलोमीटर पसरला आहे चेसिलचा गोट्यांचा बांध. ॲबट्सबरीच्या वरच्या चढावर धाप लागते, पण माथ्यावरून तो एका वळणदार रेषेत दिसतो. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाजण.

जवळ जाऊन पाहावं. वेस्ट बेकडे गोटे वाटाण्याएवढे, पोर्टलंडला मुठीएवढे. मधे आकार क्रमाने वाढत गेलेला. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या जोरदार लाटा मोठे गोटे पूर्वेला ढकलतात, उलट दिशेच्या दुबळ्या लाटांना फक्त बारीक खडेच परत नेता येतात, असा त्याचा उलगडा केला जातो. रात्री किनाऱ्याला लागलेले कोळी गोटे चाचपून आपण कुठे आलो ते ओळखत, असं तिथे सांगतात.

तिथे गेलात तर दोन्ही टोकांना एकेक गोटा उचला, डोळे मिटून हातात तोला, आणि होता तिथेच ठेवा. चेसिलवरून गोटे नेण्यास मनाई आहे.