मॉक ऑब्जेक्ट : आज्ञावलीच्या परीक्षेतील तोतये

संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा माजी विद्यार्थ्यांचा बराचसा वेळ लिहिलेली आज्ञावली तपासण्यात जातो. त्या तपासणीतील एका युक्तीची ओळख येथे करून देत आहोत.

शिष्यवृत्तीची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करून पालकांना एसएमएस पाठवणारी आज्ञावली घेऊ. तिचा एकेक लहान भाग स्वतंत्रपणे तपासणे, याला ‘युनिट टेस्ट’ म्हणतात. परंतु हा भाग बँकेच्या यंत्रणेवर अवलंबून असतो. प्रत्येक चाचणीला खरे पैसे वळते करता येत नाहीत. शिवाय नेटवर्क बंद पडले, तर दोष आज्ञावलीचा की नेटवर्कचा, हेही उमगत नाही.

यावरील उपाय म्हणजे ‘मॉक ऑब्जेक्ट’. बँकेच्या जागी तिच्यासारखीच वागणारी तोतया वस्तू ठेवायची. कोणत्या मागणीला कोणते उत्तर द्यायचे, हे तिला आधीच पढवायचे. काय मागितले आणि किती वेळा, याची नोंद ती ठेवते. मात्र बँकेशी होणारी जोडणी आज्ञावलीने स्वतःच्या पोटात न घडवता बाहेरून स्वीकारली पाहिजे. तरच ही अदलाबदल सहज साधते. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी 2000 साली एका निबंधात ही कल्पना मांडली. आज जावासाठी ‘मॉकिटो’ आहे, तर पायथनमध्ये 3.3 या आवृत्तीपासून ही सोय अंगभूत आहे.

या युक्तीचा खरा लाभ संकटाच्या तालमीत दिसतो. रक्कम जमा झाली, पण बँकेचे उत्तर वाटेतच हरवले, तर? आज्ञावली नवी मागणी पाठवील आणि रक्कम दोनदा जमा होईल. पुढे वसुलीचा मनस्ताप त्या कुटुंबाला. खरी बँक आपल्या सोयीने अशी अडखळत नाही; तोतयाला मात्र पहिल्या वेळी गप्प राहण्यास सांगता येते. दुसरी मागणी त्याच व्यवहार क्रमांकाने गेली का, हे मग त्याच्या नोंदीवरून पडताळता येते. क्रमांक तोच असेल, तरच ही जुनीच मागणी आहे हे बँकेच्या यंत्रणेला ओळखता येईल.

तथापि, तोतया आपणच पढवलेला असतो. बँकेने नियम बदलले तरी तो जुनेच उत्तर देतो आणि चाचणी उत्तीर्ण होते. म्हणून थोड्या चाचण्या खऱ्या यंत्रणेशी जोडूनही घ्याव्याच लागतात.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांना एवढेच सांगणे : आज्ञावली चालली, यावर समाधान मानू नका. समोरून उत्तर आले नाही तर ती काय करील, हेही आधीच विचारून पाहा.