पोराला नोकरी जड झाली तर

सणाला घरी आलेला पोरगा जेवणावरून दोनदा उठून फोन घ्यायला अंगणात जातो. रात्रभर कूस बदलतो. तिसऱ्या दिवशी आईला हळूच म्हणतो, "आई, नोकरी सोडावी म्हणतो." ओट्यावरचा बाप ते ऐकतो आणि डाफरतो, "लोक नोकरीसाठी उंबरे झिजवतात आणि तू हातची सोडतोस?"

बंधू-भगिनींनो, आपल्या घरी हा प्रसंग आला तर तेवढे डाफरणे टाळा. औताचा बैल खाली बसला तर आपण आधी जू उतरवतो, खांदा सुजला का पाहतो. तसेच पोराला विचारा. हा ताण सुगीसारखा महिना-दोन महिन्यांचा आहे की बारमाही? दोघांचे काम एकट्यावर पडले आहे का? झोप, भूक उडाली आहे का? "जगणे नको वाटते" असे त्याच्या तोंडून निघाले तर मात्र हिशेब करीत बसू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा फोन चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येते.

माझ्या पाहण्यातला एक मुलगा चाकणकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कायम नोकरीला होता. रोज बारा तास काम, वर साहेबाची बोलणी. एका सकाळी रागाने राजीनामा टाकून घरी आला. पाच वर्षे भरायला सहा महिने उरले होते. तेवढे भरते तर दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी मिळती. (ठराविक मुदतीच्या नेमणुकीचा नियम निराळा आहे.) नोकरी सोडली हे चुकले असे मी म्हणणार नाही, त्याची तब्येत खरेच ढासळली होती. पण त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात होता. कपातीचे दिवस भरलेले असले आणि ईएसआयच्या डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

साहेबाशी बोलणे झाले का, तेही विचारा. कामगाराला आठवड्याचे ४८ तास, त्यापुढे दुप्पट मजुरी, असा कायदा आहे. मागणी लेखी द्यावी.

आणि घरातले खरे बोला. ट्रॅक्टरचा हप्ता पोराच्या पगारावर चालतो, म्हणून बाप डाफरतो. मग वही काढा. हप्ता, सोसायटीचे कर्ज, धाकटीची फी, सहा महिने कशावर निघतील ते त्याच्यासमोर मांडा. कदाचित हप्त्याची मुदत वाढवून घ्यावी लागेल, कदाचित दुसरी नोकरी मिळेपर्यंत त्यालाच थांबावेसे वाटेल.

सोडायचे ठरलेच तर नेमणूकपत्रात किती दिवसांची नोटीस लिहिली आहे ते पाहा. फंड लगेच काढून खर्चू नका, नव्या नोकरीत वळवून घ्या. एकूण दहा वर्षे भरली की पेन्शनचा हक्क होतो. राजीनाम्याची पोच आणि अनुभवाचा दाखला मागून घ्या, आणि सातबारा ठेवता त्याच ट्रंकेत ठेवा.