बँजो, ड्रम्स आणि एक स्टुडिओ अल्बम

जॅम बँडच्या चाहत्यांचं एक ठरलेलं मत असतं: या लोकांना ऐकायचं तर लाइव्ह; त्यांचा स्टुडिओ अल्बम म्हणजे गार झालेला चहा. पाच मिनिटांचं गाणं रंगात आलं की वीस मिनिटं फुलवायचं, ही ज्यांची पद्धत, ते बंद खोलीत काय करणार? बऱ्याच अल्बमांबाबत हे खरंही आहे. पण लेफ्टओव्हर सॅमनच्या 'द नॅशव्हिल सेशन्स' (1999) बद्दल मला ते पटत नाही, आणि माझं कारण चक्क भौतिकशास्त्रातलं आहे.

हा बँड अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा. व्हिन्स हर्मन गिटारवर, ड्रू एमिट मँडोलिन आणि फिडलवर, मार्क व्हॅन बँजोवर, आणि या सगळ्याखाली रॉकचे ड्रम्स. जुन्या वळणाच्या ब्लूग्रासमध्ये ड्रम्स नसतातच. मँडोलिनवाला तारा दाबून 'चक् चक्' असा ठेका देतो. त्यामुळे ड्रम्स आले की सगळ्यात मोठी पंचाईत होते ती बँजोची.

(आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत ज्याला बेंजो म्हणतात, ते बटणांचं बुलबुल तरंग. इथला बँजो वेगळा: लांब दांडी, पाच तारा, आणि खाली डफासारखा ताणलेला पडदा.)

सगळी गोष्ट या पडद्यात आहे. गिटारची तार जाड लाकडी फळीला हलवते, तर बँजोची तार हलक्या, पातळ पडद्याला. पूर्वी हा पडदा वासराच्या कातड्याचा असे, आता बहुधा प्लॅस्टिकचा असतो. हलका पडदा तारेची ऊर्जा झटकन हवेला देऊन टाकतो. आता हिशोब सोपा आहे. तार छेडताना बोटाने दिलेली ऊर्जा ठरलेली. ती भराभर खर्च झाली तर आवाज मोठा येणार, पण लवकर संपणार. सरोदवरही चामडं असतं, आणि त्याचा स्वर सतारीपेक्षा लवकर विरतो तो बऱ्याच अंशी याच कारणाने. ही हौशी लोकांची चर्चा आहे असं समजू नका: 2004 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले डेव्हिड पोलिट्झर स्वतः बँजो वाजवतात आणि त्याच्या ध्वनिशास्त्रावर त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत.

स्वर टिकत नाही, मग वादकाने काय करायचं? मधली जागा भरायची. अर्ल स्क्रग्ज 1945 मध्ये बिल मन्रोच्या बँडमध्ये आले ते तीन बोटांची शैली घेऊन. वेगवान चालीत ही बोटं सेकंदाला आठ-दहा स्वर सहज सोडतात. एक विरतोय तोवर पुढचा हजर! ब्लूग्रासचा ओळखीचा तो झरझर आवाज असा येतो.

आता या झरझरीवर झांजा आपटा. झांजांचा आवाज वरच्या कंप्रतांमध्ये पसरलेला असतो, आणि बँजोची धारही तिथलीच. एकाच पट्ट्यात दोन आवाज आले की कान मोठा आवाज घेतो, छोटा झाकला जातो. बरं, बँजोचा आवाज वाढवावा म्हटलं तर दुसरीच भानगड. जो पडदा आवाज चांगला बाहेर फेकतो, तोच बाहेरचा आवाज चांगला पकडतोही. स्पीकरचा आवाज पडद्याला हलवतो, पडदा माइकला ऐकवतो, माइक पुन्हा स्पीकरला, आणि सुरू होते कुईंऽऽ. चुंबकीय पिकअप लावून शिट्टी आवरता येते, पण पडद्याचा खणखणाट पातळ होतो. म्हणजे ड्रम्ससह जोरात वाजवणाऱ्या बँडमध्ये बँजोवाला रोज रात्री स्वतःच्या आवाजाशी तडजोड करतो.

स्टुडिओत ही तडजोड टळू शकते. ड्रम्स वेगळ्या खोलीत, बँजोपुढे वीतभर अंतरावर साधा माइक, समोर मोठे स्पीकर नाहीत. या अल्बमचे निर्माते होते रँडी स्क्रग्ज, म्हणजे अर्ल यांचे चिरंजीव. बँजो कसा ऐकू यायला हवा, हे लहानपणापासून घरात ऐकलेला माणूस! पाहुण्यांची यादीही मोठी: बेला फ्लेक, सॅम बुश, टाज महाल, ल्युसिंडा विल्यम्स, वेलन जेनिंग्ज. पाहुणे जरा जास्तच झालेत असं मला वाटतं, काही गाण्यांत यजमान कोण ते शोधावं लागतं. पण जिथे बँजो पुढे येतो, तिथे प्रत्येक स्वराची सुरुवात आणि शेवट वेगवेगळे कळतात. लाइव्ह ध्वनिमुद्रणात त्यातला शेवट बहुतेक वेळा झांजेखाली गेलेला असतो.

मार्क व्हॅन 4 मार्च 2002 ला कर्करोगाने गेले. बँड पुढे इतर बँजोवादकांबरोबर वाजवत राहिला, ती गाणी आजही मैफलीत लांबतात, बदलतात. व्हॅन यांचा हात मात्र आता ध्वनिमुद्रणांतच उरलाय. या अल्बममधला त्यांचा बँजो फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. बरे हेडफोन लावा, आवाज मध्यम ठेवा, आणि ड्रम्स थोडे थांबतील त्या जागांकडे कान ठेवा.