घुसळण थांबलेली तळी
(लेखांक ६)

मागच्या लेखांकात आपण आम्लयुक्त खाणपाणी पाहिले. ते तांबूस आणि झोंबणारे असते, पाहताक्षणी धोक्याचे वाटते. आजचे पाणी तसे नाही. त्यातले आम्ल चुन्याने मारलेले आहे, ते दिसायलाही निवळशंख आहे. तरीही त्याने तळी निकामी केली.

पूर्व फिनलंडमध्ये सोत्कामो भागात टाल्विवारा ही निकेल-जस्ताची खाण आहे. २००८ मध्ये तिथे उत्पादन सुरू झाले. खनिज हलक्या प्रतीचे असल्याने ते फोडून ढीग रचतात, त्यांवर आम्लाचे पाणी शिंपडतात आणि जिवाणूंच्या मदतीने धातू सोडवून घेतात. उरलेल्या पाण्यात चुना आणि कॉस्टिक सोडा घालतात. बरेचसे जड धातू गाळात बसतात, सल्फेटचे जिप्सम होते. पण जिप्सम पाण्यात थोडे विरघळतेच. त्यामुळे अशा ‘शुद्ध’ पाण्यातही लिटरमागे ग्रॅमभराहून अधिक सल्फेट उरू शकते. सोड्यातले सोडियमही तसेच राहते. तिथल्या निसर्गतः गोड्या तळ्यांत सल्फेट असते ते लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम.

हे खारे, जड पाणी साल्मिनेन, काल्लियोयार्वी, किवियार्वी या लहान तळ्यांत शिरले आणि तळाशी बसले. गोडे पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. थंड प्रदेशात वसंतात आणि शरदात सगळे पाणी त्या तापमानाच्या आसपास आले, की वारा तळे वरपासून खालपर्यंत घुसळतो आणि प्राणवायू तळापर्यंत पोचतो. खाऱ्या थराने नेमकी हीच घुसळण बंद पाडली.

पुढचे सगळे त्यातूनच येते. कुजणारा पालापाचोळा तळाचा प्राणवायू संपवतो, नवा येत नाही. मग सल्फेटवर जगणारे जिवाणू माजतात आणि सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. माशांचे खाद्य असलेल्या, चिखलातल्या अळ्या मरतात. मुइक्कूसारखे मासे शरदात तळाशी अंडी घालतात आणि ती वसंतात फुटतात. एवढे महिने अंड्यांना प्राणवायू लागतो तो तळाशीच. त्यामुळे वर मासे पोहताना दिसत असले, तरी अशा तळ्यात पुढची पिढी जन्मालाच येत नाही.

४ नोव्हेंबर २०१२ रोजी खाणीच्या जिप्सम-तलावाला गळती लागली. निकेल आणि युरेनियम मिसळलेले पाणी बाहेर पडले, जगभर बातम्या झाल्या. २०१४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी खाण सरकारी मालकीच्या टेराफेमकडे गेली. पण तळ्यांत खारे थर बसले होते ते या अपघाताच्या आधीच, रोजच्या विसर्गाने.

आपल्याकडची बहुतेक तळी उथळ असतात आणि वाऱ्याने सहज ढवळली जातात. गोव्याच्या लोहखाणींतून येणारा मुख्य उपद्रवही गाळाचा आहे. मात्र सोडून दिलेले खोल खाणखड्डे आपल्याकडेही आहेत, आणि चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात खाणींचे पाणी उपसून बाहेर सोडले जाते. तेव्हा खाणीच्या जनसुनावणीला जाल, तर केवळ आम्लतेच्या आकड्यावर समाधान मानू नका. सल्फेट किती, विसर्गात एकूण क्षार किती आणि पाणी जिथे साचते तिथे तळाजवळ प्राणवायू किती, हे तीन आकडे लेखी मागा.