जुनी टेप उघडण्यापूर्वी

जुन्या ठेवीविषयी वाद उद्भवल्यास बॅकअप टेप हाच एकमेव पुरावा ठरू शकतो. म्हणून घाई नसावी. प्रथम लेखन-प्रतिबंधक खटका लावावा. नंतर फितीची रुंदी पाहावी : डीडीएसची सामान्यतः सुमारे ४ मिलिमीटर, तर डीएलटी व एलटीओची अर्धा इंच असते. यंत्राची पिढीही जुळावी लागते. एलटीओ-८ यंत्र एलटीओ-६ टेप वाचत नाही.

त्यानंतर ‘डीडी’ आज्ञेने केवळ पहिला ब्लॉक संगणकावर उतरवावा. २५७ बाइट सोडून ‘यूस्टार’ हा शब्द आढळल्यास ती टार पद्धत, आरंभीच ‘०७०७’ हे अंक आढळल्यास बहुधा सीपीआयओ पद्धत होय. ओळख पटल्यावर संपूर्ण टेपची प्रत काढावी व पुनःस्थापनेचे काम त्या प्रतीवरच करावे. मूळ टेप ही ग्राहकाची ठेवच आहे.