मासळीतील जिवाणू येतात कोठून?

पातूर तालुक्यात मोर्णा आणि निर्गुणा हे दोन मध्यम प्रकल्प आहेत. त्यांच्या जलाशयांतील मासळी आपण पूर्वीपासून खात आलो. अलीकडे शेततळ्यांतही कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जातात. बाजारात गिऱ्हाईक विचारते, "नदीची मासोळी की तळ्याची?" नदीची ती स्वच्छ आणि तळ्याची ती घाण, असा सर्वसाधारण समज आहे. जिवाणूंच्या बाबतीत हा समज खरा नाही.

निरोगी, जिवंत माशाचे मांस जवळजवळ जंतुविरहित असते. जिवाणू असतात ते अंगावरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यात. त्यांतील बहुतेक पाण्यातलेच असतात. ई. कोलाय मात्र माशाचा मूळचा रहिवासी नाही. तो माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. माशावर तो सापडला, तर त्या पाण्यात विष्ठा मिसळली आहे असे समजावे. साल्मोनेलासारखे हगवण लावणारे जिवाणूही बहुधा त्याच वाटेने येतात.

मोर्णेचेच उदाहरण घ्या. धरणातील पाणी आणि अकोला शहराचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी एकाच नदीचे, पण मासळीच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक. शहरातील मोर्णेची अवस्था पाहून 2018 साली लोकांना स्वच्छता मोहीम हाती घ्यावी लागली होती. ऋतूमानेही फरक पडतो. मृगाच्या पहिल्या पुरात गावाची, उकिरड्याची व गोदरीची घाण धुऊन नाल्यात येते, आणि नेमकी त्याच वेळी मासोळ्या धरायला झुंबड उडते. वैशाखात उरलेल्या डबक्यात म्हशी बसतात, तेथील मासळीही तशीच.

आता शेततळे. येथे पाणी आपल्या ताब्यात असते, म्हणून जबाबदारीही आपलीच. मत्स्यशेतीत हेक्टरी वर्षाला सुमारे 10 टन शेण देण्याची पद्धत आहे. 30 बाय 30 मीटरच्या तळ्याला या हिशेबाने वर्षाला 900 किलो, म्हणजे महिन्याला 75 किलो पडते. प्रत्यक्षात ट्रॉलीभर ताजे शेण एकदाच ओतले जाते. शेण हे माशाचे खाद्य नव्हे. त्यापासून पाण्यात सूक्ष्म वनस्पती व प्राणी वाढतात आणि ते मासे खातात. या कामाला चांगले कुजलेले खत किंवा गोबरगॅसची मळी पुरेशी होते, आणि कुजताना उष्णतेने बरेच रोगजंतू मरतात. कोंबड्यांची ताजी विष्ठा तळ्यात टाकू नये, खुराडे तळ्यावर बांधू नये. काढणीपूर्वी महिनाभर शेण बंद ठेवावे. मी कृषिविद्येचा माणूस, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही: याच तळ्याचे पाणी आपण कोथिंबीर, मुळा, पालकाला देतो. मासळी निदान शिजते, कोथिंबीर कच्चीच खाल्ली जाते.

काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. आतडे रिकामे असले की चिरताना घाण कमी पसरते. मासे पहाटे काढावेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. साधारण 37 अंशांना, परिस्थिती अनुकूल असल्यास, ई. कोलाय दर 20 मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे एका जिवाणूचे 7 तासांत सुमारे 20 लाख! सकाळी 6 ला काढलेली मासळी ओल्या पोत्याखाली दुपारी 1 पर्यंत विकायला ठेवणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतका चुरा बर्फ घ्यावा, थरावर थर द्यावा व वितळलेले पाणी वाहून जाऊ द्यावे. बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असावा. खर्च वाढतो हे मान्य, पण शेवटच्या गिऱ्हाइकालाही पूर्ण भाव मागता येतो.

घरी चिरताना पावशी किंवा सुरी आतड्यातून फिरते आणि तीच पुढे मांसाला लागते. म्हणून आधी खवले, कल्ले व आतडी काढून वाहत्या पाण्याने मासा धुवावा, पावशी साबणाने धुवावी, मगच तुकडे करावेत. त्याच पावशीवर न धुता कांदा-काकडी चिरू नये. आपला रस्सा खळखळून उकळतो, त्यात हे जिवाणू टिकत नाहीत. सिंगापूरमध्ये 2015 साली गोड्या पाण्यातील कच्चे मासे खाऊन शंभराहून अधिक लोकांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा गंभीर संसर्ग झाला आणि तेथे असे कच्चे मासे विकण्यावर बंदी आली. आपल्याकडे धोका ताटापेक्षा पावशीवर अधिक आहे.

माशांच्या अंगावर लाल चट्टे दिसले, पोट फुगले, खवले उभे राहिले, तर बहुधा एरोमोनास जिवाणूचा प्रादुर्भाव असतो. हा पाण्यात नेहमीच असतो, गर्दी झाली व पाणी बिघडले की उचल खातो. अशा वेळी दुकानातून प्रतिजैविक आणून तळ्यात ओतू नये. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान गटातील औषधांना मत्स्यशेतीत बंदीच आहे, आणि अशा वापराने औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार होतात. शेण व खाद्य थांबवावे, काही पाणी बदलावे, मेलेले मासे काढून चुना टाकून खोल पुरावेत. तळ्यात चुना द्यायचा तो सामू तपासूनच. आजारी मासे बाजारात नेऊ नयेत; दोन-तीन जिवंत नमुने घेऊन अकोल्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावेत. मासे हाताळताना काटा रुतला तर जखम लगेच साबणाने धुवावी व सूज चढल्यास दवाखाना गाठावा.