वाचनात पुढे, गणितात मागे: घरी शिकणाऱ्या मुलांबद्दल थोडं

घरी शिकणारं सात वर्षांचं मूल जाडजूड गोष्टी वाचतं, पण हातच्याच्या बेरजेत अडतं, की पालक धास्तावतात. अशी तफावत शाळेतल्या मुलांतही असते. तिथे ती ‘इयत्ता दुसरी’ या शिक्क्याखाली झाकली जाते. अमेरिकेतल्या मँचेस्टर (न्यू हॅम्पशर) इथे शिक्षणाधिकारी लुई बेनेझेट यांनी १९२९ पासून काही वर्गांत औपचारिक अंकगणित सहावीपर्यंत लांबवलं. त्या मुलांनी वर्षभरात इतरांना गाठलं. प्रयोग जुना आहे, आणि तोवर तिथे मोजमाप, अंदाज, घड्याळ हे सगळं चालूच होतं. म्हणजे उशीर चालतो, दुर्लक्ष नाही.

‘परीक्षेचं काय?’ हा आक्षेप फारसा टिकत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीचे विषय एकेक करून, पाच वर्षांत नऊ संधींत सोडवता येतात. अध्ययन अक्षमता लपून राहण्याची भीती मात्र खरी आहे. म्हणून विषय किती मागे आहे यापेक्षा तो पुढे सरकतोय का, ते पाहा. नियमित सराव देऊनही तो जागचा हलत नसेल, तर ‘येईल आपोआप’ म्हणत थांबू नका. तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.